हवेच्या मापानं

गाडी बंद करा, साइड स्टँडवर लावा आणि हेल्मेट काढा. चहाच्या टपरीकडे धावू नका. इथं धावायचं नसतं, हे लेहमध्ये दहा जणांनी तुम्हाला बजावलेलंच आहे.

जागा साउथ पुल्लू. लेहहून खारदुंग लाकडे निघालं की साधारण चोवीस किलोमीटरवर हा नाका लागतो. उंची ४,६०० मीटरच्या आसपास, आणि खिंड अजून पंधरा किलोमीटर पुढे. जे इथं येऊन गेलेत त्यांनी आठवायचं, जे आले नाहीत त्यांनी मनानं यायचं. गाडी मात्र कार्बोरेटरची धरा: जुनी बुलेट, किंवा २०१६ साली निघालेली पहिली हिमालयन. इंजेक्शनच्या गाड्या जे करायचं ते गुपचूप करून टाकतात, मननाला काही शिल्लक ठेवत नाहीत. त्यांच्याकडे नंतर येऊ.

आधी स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्या. मोजू नका, धरून ठेवू नका, नुसता बघा. छाती नेहमीएवढीच फुगते आहे. पुण्यात जेवढी फुगायची तेवढीच. तरी आत काहीतरी अपुरं राहतंय, आणि म्हणून पुढचा श्वास जरा घाईनं येतो. आकार तोच, ऐवज कमी. एवढंच लक्षात घ्या आणि थोडा वेळ तिथंच थांबा.

आता तेच इंजिनाबद्दल मनात आणा. बुलेटचं सिलिंडर ३४६ सी.सी.चं. पिस्टन खाली येतो, वरची पोकळी ३४६ सी.सी. हवेनं भरू पाहते, मग दाब, ठिणगी, धक्का, धूर. मुंबईत ३४६, इथंही ३४६. इंजिनाला तुमच्यासारखी घाई करता येत नाही. दोन फेऱ्यांत एकदा श्वास, हे त्याचं ठरलेलं आहे. त्या ३४६ सी.सी.त हवा किती भरली, याचा विचार पिस्टन करत नाही.

लोक म्हणतात, वर ऑक्सिजन कमी असतो. बोलायला ठीक आहे, पण हवेतला ऑक्सिजनचा वाटा जुहूच्या किनाऱ्यावर जेवढा तेवढाच इथंही आहे, एकवीस टक्क्यांच्या जवळ. विरळ झाली आहे ती सगळीच हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी १,०१३ मिलिबार, लेहला साडेसहाशेच्या आसपास आणि खारदुंग लाच्या माथ्यावर सव्वापाचशेच्याही किंचित खाली. म्हणजे खिंडीत पोहोचेपर्यंत तुमच्या डोक्यावरचं जवळजवळ निम्मं वातावरण पायाखाली गेलेलं असतं. त्या माथ्यावर वर्षानुवर्षं १८,३८० फुटांची पाटी मिरवत होती; जी.पी.एस.नं मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांपेक्षा थोडी जास्त. फोटोसाठी पाटी छान आहे. इंजिन पाटी वाचत नाही.

आपल्याकडे हे कधी जाणवत नाही, कारण आपला प्रदेशच बुटका. पुणं साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेवर, आणि राज्यातलं सगळ्यात उंच टोक, कळसूबाई, ते १,६४६ मीटर. तिथं गाडी जात नाही. महाबळेश्वरच्या घाटात कार्बोरेटरचं गणित फार तर सहा-सात टक्क्यांनी चुकतं. तेवढं गाडी पोटात घालते. त्यामुळे आपला रायडर आयुष्यभर घाट चढून इथं येतो आणि गाडी दम तोडायला लागली की समजतो, चढ तीव्र आहे. चढ फारसा तीव्र नाही. खारदुंग लाचा रस्ता ताम्हिणीतल्या काही वळणांपेक्षा सौम्य आहे.

आता हात कार्बोरेटरकडे न्या. अजून स्पर्श करू नका, गरम असेल. त्याच्या आत काय चाललं होतं ते सावकाश डोळ्यांसमोर आणा. खाली वाटीत पेट्रोल, वर तरंगणारा फ्लोट. बाजूनं इंजिनानं ओढलेली हवा गळ्यातून जाते. गळा मध्ये अरुंद आहे, तिथं हवेचा वेग वाढतो आणि दाब पडतो. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पुरा दाब, गळ्यात कमी. या फरकापोटी पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. ना पंप, ना वायर. शंभरेक वर्षं जगातल्या मोटारी एवढ्या साध्या युक्तीवर धावल्या, याचं मला अजून नवल वाटतं.

या युक्तीत एक खोट आहे, ती इथं उघडी पडते. कार्बोरेटर हवेचं आकारमान जाणतो, वजन जाणत नाही. पेट्रोल जळायला मात्र हवेचं वजन लागतं: एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा. हिशेबाच्या सोयीसाठी धरा की हवा बरोब्बर निम्मी झाली. मग पेट्रोलही निम्मं यायला हवं. तसं होत नाही. गळ्यातली ओढ निम्मी होते, पण भोकातून येणारं पेट्रोल ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. निम्म्याचं वर्गमूळ सुमारे ०.७. म्हणजे हवा आली अर्धी आणि पेट्रोल आलं सात दशांश. चौदा-पंधराला एक असलेलं मिश्रण दहाला एकवर आलं.

हे वाक्य गाडी सुरू करण्यापूर्वी पुन्हा एकदा मनात घोळवा: वर गाडीला पेट्रोल कमी पडत नाही, जास्त होतं. गॅरेजच्या भाषेत, गाडी ओव्हर होते. बहुतेकांची पहिली ऊर्मी याच्या उलट असते. गाडी गुदमरली की माणूस थ्रॉटल आणखी पिळतो, कुणी चोक ओढतो. पहाटे गोठलेली गाडी सुरू करताना चोक लागतो, त्याला इलाज नाही. पण चालत्या गाडीला इथं चोक देणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं.

गाडी सुरू करा. आता नुसतं ऐकायचं आहे.

आयडलिंग खाली आलेलं आहे, ठोके एकमेकांपासून लांब पडतात, मध्येच एखादा ठोका गळतो. सायलेन्सरपाशी नाक न्या; पेट्रोलचा कच्चा वास येतो. थ्रॉटल हळूच उघडा. आवाज आधी खोल जातो, अडखळतो, मग उचलतो. झटक्यात उघडला तर काळा धूर आणि गुदमर. हे सगळं एकाच गोष्टीचं बोलणं आहे. पुरावा हवा असेल तर गाडी थंड झाल्यावर प्लग-पान्यानं प्लग काढा. घरच्या वातीच्या स्टोव्हला हवा पुरेनाशी झाली की ज्योत पिवळी व्हायची आणि पातेल्याचं बूड काजळायचं, तीच मऊ, बोटाला लागणारी काजळी प्लगच्या टोकावर दिसेल. बदामी रंगाचा प्लग म्हणजे मिश्रण बरं आहे. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, आणि त्याच्याशी गाठ उतरताना पडेल.

काजळी पुसलीत तरी लगेच स्क्रूड्रायव्हर उचलू नका. आधी उजव्या मुठीला विचारा, गाडी नेमकी कुठं अडते. थ्रॉटलच्या पहिल्या पावभागात पायलट जेट आणि बाजूचा छोटा स्क्रू बोलतो. मधल्या टप्प्यात मुठीबरोबर गळ्यात वर सरकणाऱ्या स्लाइडला लटकलेली नीडल. शेवटच्या पावभागात मेन जेट. नुसत्या आयडलिंगला मरणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून टाच दाबणं. हा प्रश्न घाई न करता विचारायचा. साउथ पुल्लू ते माथा या रस्त्यावर मूठ एकेका जागी काही क्षण स्थिर धरा आणि गाडीला उत्तर देऊ द्या. बहुतेक रायडरना स्वतःची मूठ किती उघडी आहे हेच ठाऊक नसतं. ग्रिपवर आणि शेजारच्या न फिरणाऱ्या थ्रॉटलच्या घरावर खडूची एकेक रेघ मारली तर कळतं, आपण दिवसभर अर्ध्याच्या पलीकडे क्वचित जातो. पण ही खाली मैदानातली गोष्ट झाली. इथं ताकद उरलेली नसते, मूठ आपसूक उघडत जाते.

स्क्रू फिरवायचा असेल तर तो कुठल्या बाजूला आहे ते पाहा. स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या अंगाला असेल तर तो हवेचा. बाहेर फिरवला की हवा वाढते. इंजिनाकडच्या अंगाला असेल तर तो पेट्रोलचा. आत फिरवला की पेट्रोल घटतं. सुरुवात कुठून केली ते आधी मोजून लिहून ठेवा: पूर्ण आत नेताना किती वळसे बसले. मग पाव-पाव वळसा, प्रत्येक वेळी थांबून. ठोके भरून येतात, वेग चढतो, आणि एका जागी येऊन चढायचा थांबतो. तिथंच राहू द्या.

मेन जेट तळहातावर घ्या. पितळेची बोटाच्या पेरापेक्षाही लहान गोष्ट, मधोमध भोक. काही कंपन्यांच्या जेटवरचा १०० हा आकडा म्हणजे भोकाचा व्यास एक मिलिमीटर. हवा निम्मी झाली तर पेट्रोल जुळवायला भोकाचं क्षेत्रफळ सात दशांशावर आणावं लागेल, म्हणजे व्यास ०.८४ मिलिमीटर. फरक एक मिलिमीटरच्या सहाव्या भागाहून कमी, डोक्याचे दोन केस शेजारी ठेवले तर होईल तेवढा. समुद्रकिनारा आणि खारदुंग ला यांच्यातलं सगळं अंतर, इंजिनाच्या लेखी, त्या दोन केसांत मावतं. जेट उजेडाकडे धरून भोकातून आभाळ बघा. तारेनं टोकरू नका. पितळ मऊ असतं, भोक कायमचं मोठं होतं.

मग ०.८४चा जेट टाकून माथ्यावर जायचं का? माझं मत, नाही. खिंडीत आपण असतो किती? फोटो, चहा, डोकं जड व्हायच्या आत खाली. मुक्काम लेहला, ३,५०० मीटरवर. किंवा पलीकडे नुब्रात दिस्कितला, त्याहून थोड्या कमी उंचीवर. गाडी वस्तीच्या उंचीला लावावी आणि खिंडीत तिला थोडी काजळी खाऊ द्यावी. तासाभराच्या काजळीनं इंजिन मरत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पाइक्स पीकची शर्यत १९१६ पासून होते. सुरुवात २,८६० मीटरवर, शेवट ४,३०० मीटरवर, मध्ये १५६ वळणं. कार्बोरेटरच्या काळात तिथल्या मिस्त्र्यांपुढे रोखठोक प्रश्न होता: गाडी पायथ्याशी बरोबर हवी की शेंड्याशी? दोन्हीकडे बरोबर असणारा जेट नसतो. २०१८ साली तिथं सर्व काळातला विक्रम, आठ मिनिटांच्या आतला, विजेच्या मोटारीनं केला. तिला हवाच लागत नाही. बरोबरच आहे, पण मनाला जरा टोचतं.

एक गोष्ट मात्र करू नका: एअर फिल्टर काढून टाकणं. रस्त्यात कुणी ना कुणी हा सल्ला देतोच, आणि त्याचा मोह असा की तो लागू पडतो. हवेची अडवणूक कमी होते, गाडी मोकळी वाटते. पण मनालीच्या बाजूनं येताना गाटा लूप्सची एकवीस वळणं, त्यापुढचं मोरे मैदान, पुढच्या ट्रकनं उडवलेली पिठासारखी धूळ. ती वाळूचीच धूळ आहे. रिंग आणि बोअर यांच्यामध्ये ती बसली की प्रवास संपतो त्याच्या कितीतरी नंतर, गावी गेल्यावर, गाडी तेल खायला लागते आणि कुणाला कारण कळत नाही. फिल्टर काढायचा तो झटकायला.

एवढं सगळं जमलं, प्लग बदामी झाला, ठोके भरले. आता पुन्हा चढून बघा. गाडी स्वच्छ चालते, वास नाही, धूर नाही. पण ताकद? ताकद आली नाही. येणारही नव्हती. दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद जाते, असा जुना ठोकताळा आहे. वीस अश्वशक्तीची गाडी माथ्यावर दहा-अकराची राहते. जिथं घाटात तिसरा गिअर चालायचा तिथं पहिला. मागं कुणी बसलं असेल आणि कॅन बांधलेले असतील तर हाफ क्लच, आणि मग जळक्या क्लचचा वास. ट्यूनिंगनं आपण हवा आणली नाही. जेवढी हवा आहे तेवढ्यापुरतंच पेट्रोल मागायला गाडीला लावलं, बस्स. या विचारापाशी जरा रेंगाळा, कारण ट्यूनिंग म्हणजे वाढवणं असं आपण गृहीत धरून आलेलो असतो.

चाकापर्यंत पोहोचणारी ओढ वाढवायचा सरळ मार्ग एकच: समोरचा स्प्रॉकेट एका दातानं लहान. पंधराचा चौदा केला की ओढ सात टक्के वाढते, वेग तेवढाच उतरतो. सामान कमी करणं याहून स्वस्त. कमी पेट्रोलचा दुसरा फायदा टाकीत दिसतो. मनालीहून लेहला येताना लागणाऱ्या तांडीच्या पंपावर वर्षानुवर्षं पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ओव्हर होणाऱ्या गाडीनं ती पाटी वाचून खरोखर घाबरायला हवं.

टायरचं गणित मला आवडतं. पुण्यात सकाळी ३० पौंड हवा भरली आणि तशीच खिंडीत नेली तर बाहेरचा दाब घटल्यामुळे गेज सहा पौंड जास्त दाखवायला हवा. पण वर थंडी आहे, आतली हवा आक्रसते आणि चारेक पौंड परत जातात. शेवटी गेज ३२ दाखवतो, आणि माणूस म्हणतो, काही बदललं नाही. दोन बदल झाले होते, एकमेकांत जिरले.

इंजेक्शनच्या गाडीकडे वळू. तिच्यात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो, आणि पेट्रोलचा फवारा त्या मापानं सेकंदाला कितीतरी वेळा बदलत राहतो. ०.८४चं सगळं गणित ती न बोलता करते. काही गाड्या बाहेरचा दाब फक्त चावी फिरवताना वाचतात. लांबच लांब चढणीवर त्या मंदावल्या तर थांबून चावी बंद करून पुन्हा चालू करणं, हा खरा उपाय ठरतो, टोटका नव्हे. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहाचे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. टर्बो असलेली डिझेल गाडी आणखी एक पाऊल पुढं जाते: ती पंखा जास्त फिरवून विरळ हवा दाबून आत भरते. पण ताकद दुपटीनं विरळ हवेत पुरी परत येत नाही, हे लेहच्या टॅक्सीवाल्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आणि तुम्ही? स्वतःकडे परत या. इंजेक्शनला जुळवून घ्यायला क्षणही लागत नाही. कार्बोरेटर कुणीतरी फिरवेपर्यंत आहे तसाच राहतो. शरीर या दोघांच्या मधलं. पहिल्या तासांत श्वास आणि नाडी वाढते, पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाला मोकळीक देतात, आणि लाल पेशी वाढायला आठवडे जातात. लेहला दोन दिवस पडून राहा म्हणतात ते या मधल्या कामासाठी. त्याला फिरवायचा स्क्रू नाही. कापराची पुरचुंडी हुंगून तरतरी वाटत असेल तर हुंगा, हवेतला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही. डोकं ठणकत असताना पोट ढवळलं, पाय लटपटले, बोलणं अडखळलं, तर एकच ट्यूनिंग आहे: खाली उतरणं, आणि तेव्हाच.

उतरणं गाडीलाही जपूनच करावं लागतं. वर कमी केलेलं पेट्रोल खाली घट्ट हवेत खरोखरच कमी पडतं. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते. आणि गाडी त्याची तक्रार करत नाही. उलट पातळ मिश्रणावर ती काही काळ चपळ वाटते. नुसता छोटा स्क्रू फिरवला असेल तर घाई नाही, आयडलिंग ऐकून परत आणता येईल. मेन जेट बदलला असेल तर मनालीत, २,०५० मीटरवर, थांबा. अटल बोगद्यातून बाहेर पडून सोलंगच्या बाजूनं खाली येईपर्यंत मूठ फारशी उघडावी लागत नाही, म्हणून धोका कळत नाही. तो मंडीच्या पुढे, सपाट हायवेवर, दुपारच्या उन्हात, पुरी मूठ उघडल्यावर येतो. मूळ जेट बसवा, वळसे वहीत लिहिले होते तेवढे द्या, पन्नास किलोमीटर चालवा, थंड होऊ द्या आणि प्लग काढून बघा. बदामी असेल तर पाना जागेवर ठेवून पुढे निघा; पांढरा असेल तर मेकॅनिक मिळेपर्यंत साठच्या वर जाऊ नका.